चंद्रोदय, मजला १२२

आईने दोन्ही कानांवर तळवे दाबून धरलेत. लिफ्ट वर चालली आहे हे पायांना कळत नाही. दारावरचे आकडे तेवढे पळताहेत आणि कानांना दडे बसताहेत. "आवंढा गीळ, मोकळे होतील," दादा म्हणतो. आई आवंढा गिळते, तळवे काढते, पदर सारखा करते, तोवर दार उघडतं.

आम्ही दुबईत, बुर्ज खलिफाच्या १२३व्या मजल्यावर आहोत. इथून जिना उतरून एक मजला खाली गेलं की 'ॲटमॉस्फिअर'. जमिनीपासून ४४१ मीटरवरचं हे रेस्टॉरंट २०११च्या जानेवारीत सुरू झालं आणि जगातलं सर्वांत उंचावरचं म्हणून बरीच वर्षं त्याचं नाव होतं. पुढे शांघायने तो मान नेला. आईला या आकड्यांशी देणंघेणं नाही. ती कठडा धरून एकेक पायरी उतरते आणि मला हळूच विचारते, "पूर्व कुठल्या बाजूला गं?"

आज संकष्टी आहे.

दादाने महिनाभर आधी टेबल सांगून ठेवलं तेव्हा त्याने फक्त स्वतःची सुट्टी बघितली होती. तारीख रमजानात येते हे त्याला माहीत होतं, संकष्टी ध्यानात आली नाही. तसं बघितलं तर रमजान हा चांद्रमास. अमावास्येनंतरची कोर दिसली की तो सुरू होतो, म्हणजे एक वद्य चतुर्थी दरवर्षी त्याच्या पोटात येतेच. दादा टेबल रद्द करायला निघाला होता. आईनेच अडवलं. "चंद्र उगवल्यावर जेवायचं ना? मग तिथेच जेवू. उंचावरून लवकर दिसेल." वहिनी शारजाला घरी थांबली आहे, कारण भाच्याची दहावीची परीक्षा चालू आहे आणि उद्या गणिताचा पेपर आहे. तिचाही उपास आहे. सारण दुपारीच करून ठेवलंय, मोदक ती चंद्रोदयाच्या बेताने उकडणार.

आईच्या पर्समध्ये एक चिठ्ठी आहे. तिच्याच अक्षरात: 'दुबई, रात्री ९.०९'. घरच्या दिनदर्शिकेत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, पण दुबईची नसते. ती तिने भाच्याकडून मोबाइलवर शोधून घेतली आणि कागदावर उतरवून ठेवली, कारण मोबाइलमधली वेळ तिला वेळ वाटत नाही.

आधी लाउंज, मग आठ वाजता जेवणाचं टेबल, असं ठरलं आहे. लाउंजमध्ये आमच्या वाट्याला पश्चिमेची काच आली आहे, जमिनीपासून छतापर्यंत. आई काचेपासून दोन हात लांबच बसते. मी मात्र कपाळ टेकवून खाली बघते. खाली जुमेराची बसकी घरं आहेत, त्यांच्यापुढे किनारा, आणि समुद्रात रेती ओतून केलेली 'द वर्ल्ड'ची बेटं, धुरकट, पुसल्यासारखी. माणूस एकही दिसत नाही. या उंचीवरून शहराचे चेहरे दिसतच नाहीत, दिसतात त्या गच्च्या. ज्या इमारती रस्त्यावरून आरशासारख्या लखलखतात, त्यांच्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या आहेत, पाइप आहेत, जाळीच्या डब्यांमध्ये फिरणारे पंखे आहेत. दादा त्या पंख्यांवरून इमारती ओळखतो. सतरा वर्षं तो इथे वातानुकूलनाच्या कामात आहे. "ती तिसरी, हिरव्या टाकीवाली, तिथे मी दोन उन्हाळे काढलेत," तो बोट दाखवतो. आई पहिल्यांदाच काचेजवळ सरकते. मुलाचं काम बघायला.

हा मनोरा थंड ठेवतानाच बाहेरच्या दमट हवेतलं पाणी यंत्रांवर दवासारखं जमतं, दादा सांगतो. ते गोळा करून खालच्या बागांना घालतात, वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन. "हवेतून पाणी काढतात?" आई विचारते. "काढत नाहीत गं, ते पडतंच. गोळा करतात." आई मान डोलावते. पाणी गोळा करणं तिला समजतं.

दादा आला तेव्हा मनोऱ्याचं काम चालू होतं. २००४च्या जानेवारीत पायाची खोदाई सुरू झाली, २०१०च्या जानेवारीत उद्घाटन झालं. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतत, पाण्याच्या जोडीला बर्फ घालून, म्हणजे ते वर पोचेपर्यंत आवळायचं नाही. पंपाने ते सहाशे मीटरच्या वर चढवलं. कामाच्या भरात एका वेळी बारा हजार माणसं या जागी राबत होती, आणि त्यांतली बहुतेक आपल्याकडची, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ. मार्च २००६मध्ये मजुरीवरून याच जागी मजुरांचा संताप उफाळला, गाड्या आणि कार्यालयं फुटली. मेन्यूकार्डाच्या पहिल्या पानावर या जागेची उंची आहे. त्याखाली त्या माणसांसाठी एक ओळ हवी होती, असं मला मनापासून वाटतं. इथे बसून जेवणाऱ्या प्रत्येकाने ती वाचायला हवी.

सूर्य खाली उतरला आहे. शेजारच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि दोन नातवंडं बसली आहेत. त्यांच्यापुढे खजुराची बशी, पाणी आणि ताक आहे. कुणी हात लावलेला नाही. लहान नातू बशीकडे बघतो आहे, आणि आजोबा नातवाकडे.

खाली तोफ झाली असणार. इफ्तारच्या वेळी मनोऱ्याच्या पायथ्याशी दुबई पोलीस तोफ उडवतात, पण ती इथे ऐकू येत नाही. ऐकू येते ती आजोबांच्या मोबाइलमधली अजान. बारीक आवाजात. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचे हात खजुराकडे जातात. आजोबांचा जात नाही. त्यांनी एक खजूर उचलून बोटांत धरला आहे, पण हात मांडीवरच आहे. नातू बशीकडे झेपावतो, तर ते त्याचा हात न दटावता आपल्या हातात घेतात आणि काचेकडे बोट दाखवतात.

समुद्राच्या कडेवर सूर्याची लाल किनार अजून शिल्लक आहे. नखाएवढी.

दादा खालच्या आवाजात मला सांगतो. २०११मध्ये दुबईच्या मुख्य मुफ्तींनी याच इमारतीसाठी सांगितलं होतं की ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५०व्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटं, कारण त्यांचा सूर्य अजून मावळलेला नसतो. मी आईकडे बघते. तिने ऐकलं आहे. तिचं लक्ष आजोबांच्या बोटांतल्या खजुरावर आहे. मऊ, तपकिरी, एका बाजूने थोडा दबलेला.

किनार बारीक होते. धाग्याएवढी. मग तोही नाही.

आजोबा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात, खजूर तोंडात घालतात, नातवाला बशी देतात. दोन-अडीच मिनिटंच गेली असतील. मला त्यापेक्षा पुष्कळ लांब वाटली. आजींचं आमच्याकडे लक्ष जातं. त्या बशी उचलून आईपुढे धरतात. आई गोंधळत नाही. खजूर उपासाला चालतो. ती एक उचलते, दोन्ही हात जोडते आणि मराठीतच म्हणते, "माझा रात्री सुटणार." दादा इंग्रजीत समजावतो. आजी आभाळाकडे बोट करून काहीतरी विचारतात. "चंद्र," आई म्हणते. "कमर," आजी म्हणतात. दोघी माना हलवतात.

आठ वाजता आम्ही जेवणाच्या टेबलावर येतो. ही काच आग्नेयेकडची आहे, पूर्वही तिच्या डाव्या कोपऱ्यातून दिसते, आणि आईने पहिली खुर्ची त्याच कोपऱ्याकडची धरली आहे. खाली तळं आहे, दुबई मॉलचं पसरट छप्पर आहे, त्यापलीकडे रास अल् खोरचा अंधारा पट्टा, जिथे रोहित पक्षी उतरतात. त्याच्याही पलीकडे दिवे विरळ होत जातात आणि वाळवंट सुरू होतं. इतक्या उंचीवरून क्षितिज पंचाहत्तर किलोमीटर लांब जातं. दिवसा हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला हजरचे डोंगरही दिसतात, असं वाढणारा मुलगा सांगतो.

हा मुलगा नेपाळचा आहे. त्याचं हिंदी आईच्या हिंदीपेक्षा बरं आहे, पण दोघांचं छान जमतं. "माँजी, चाय?" "चाय चलेगी. दूध अलग." चहा येतो. आमच्यासाठी आधी तो लिंबाएवढे पाव आणतो, सोबत लोण्याची गोळी. गोळीवर खडेमिठाचे चार दाणे आहेत आणि दिव्यात ते चमकतात. मी पाव मोडते, आणि मोडल्यावर मला खाववत नाही. दादाचंही तेच होतं. आई म्हणते, "तुम्ही खा रे, तुमचा कुठे उपास आहे?" दादा पाव परत बशीत ठेवतो.

खाली कारंजं सुरू होतं. रस्त्यावरून ते बघायला माणसं माना वर करून उभी राहतात. पाणी १५० मीटरपर्यंत उडतं. आमच्यापासून तीनशे मीटर खालीच ते थकून परत फिरतं. सूर वर पोचत नाहीत. आवाजाविना पाणी एकदा वाकतं, एकदा गोल फिरतं, आणि वरून बघताना त्याची उंची नाहीशी होऊन फक्त आकार उरतो, कुणी तरी काळ्या फरशीवर पांढरी रांगोळी टाकावी आणि लगेच हाताने पुसावी तसा. आई खुर्चीवरून अर्धवट उठून बघते. "हे आवडलं," ती म्हणते. संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

नऊ वाजून पाच मिनिटं. आई चिठ्ठी काढून टेबलावर ठेवते, चमच्याखाली.

आई महाडची. महाडला चंद्र कधीच दिनदर्शिकेतल्या वेळेला दिसत नाही, कारण पूर्वेला सह्याद्री उभा. चंद्र उगवलेला असतो, पण डोंगराच्या पलीकडे. पंचांगाप्रमाणे वेळ झाली की जेवायला हरकत नसते. पुष्कळ जण तसंच करतात. आमच्या घरात मात्र चंद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय पान वाढलं जात नसे. लहानपणी आम्ही भावंडं मागच्या पायरीवर बसायचो. डोंगराची कड आधी उजळायची, मग झाडांच्या शेंड्यांच्या रेषा दिसायच्या, आणि आत आईच्या हातात मोदकांचं पातेलं तसंच. दर महिन्याला अर्धा-पाऊण तास. आयुष्यभर ती चंद्रासाठी ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबत आली आहे. आज पहिल्यांदा तिच्या आणि चंद्राच्या मध्ये डोंगर नाही, उलट ती स्वतःच डोंगराएवढ्या उंचीवर बसली आहे. जमिनीवरच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं आधी इथून चंद्र दिसायला हवा.

नऊ वाजून सात. पूर्वेला काही नाही.

नऊ वाजून बारा. काही नाही. दिव्यांचा शेवट होतो तिथे एक मळकट जाडसर पट्टा आहे, आभाळही नाही आणि जमीनही नाही. "धूळ," दादा म्हणतो. "वाळवंटावर ही असतेच. खालचा भाग ती खाऊन टाकते." आई काचेला नाक लावून उभी आहे. उंचीची भीती ती विसरून गेली आहे. मागे नेपाळचा मुलगाही उभा आहे, हातातला ट्रे छातीशी धरून. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याने चिठ्ठी बघितली आहे.

सव्वानऊनंतर कधी तरी तोच आधी बघतो. "माँजी. उधर."

पट्ट्याच्या वरच्या कडेला एक डाग आहे. आधी मला तो एखाद्या दूरच्या गावाचा उजेड वाटतो. मग तो वर सरकतो, त्याला काठ येतो, आणि एका बाजूने खाल्लेला, गुळासारख्या रंगाचा चतुर्थीचा चंद्र धुळीतून बाहेर येतो. तेज असं नाहीच. बघताना डोळे जराही दिपत नाहीत.

आई हात जोडते. मग टेबलाशी येते, पाण्याचा पेला पुढे ओढते, कपाखालची बशी मोकळी करते आणि चहाच्या चमच्याने तीन वेळा त्या बशीत पाणी सोडते. पळी नाही, ताम्हन नाही. चमचा जड आहे, तिच्या हातात तो किंचित थरथरतो, आणि तिसऱ्या वेळी पाण्याचा एक थेंब पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडून पसरतो. ती मनातल्या मनात म्हणते आहे, ओठ हलताहेत. मुलगा बशी उचलायला पुढे होतो आणि थांबतो. संपेपर्यंत थांबतो.

"आणायला सांग आता," दादा म्हणतो. शेफला आधीच कळवून ठेवलं होतं, कांदा-लसूण नको. दोन मिनिटांत आईपुढे रुंद काठाची ताटली येते. मध्ये अळंब्यांचा रिसोट्टो, म्हणजे मऊ शिजवलेला, लोण्याने लपथपलेला भात, वर चीजचे पातळ काप आणि कसलीशी हिरवी पानं. वाफ निघते आहे. "खिमटासारखं दिसतंय," आई कौतुकाने म्हणते. चमचा उचलते.

आणि ठेवते.

"तिला फोन लाव."

दादा वहिनीला फोन लावतो, स्पीकरवर. "दिसला?" आई विचारते. वहिनी म्हणते, "नाही हो आई, समोर ती नवी इमारत आहे ना, तिच्यामागे असेल. गच्चीचं दार कुलूपबंद आहे. तुम्ही जेवून घ्या, मी बघते खाली जाऊन."

"सावकाश बघ," आई म्हणते. "आम्ही थांबलोय."

"आई, तुला दिसला ना? अर्घ्यसुद्धा दिलंस," दादा म्हणतो. "वेळही कधीच होऊन गेली."

"मला दिसला. तिला नाही दिसला अजून." आई ताटलीचा काठ बोटाने जरा पुढे ढकलते. "घरात दोघींचा उपास. मी उंचावर बसलेय म्हणून आधी जेवू?"

दादा काही बोलत नाही. मीही नाही. संध्याकाळचे ते आजोबा आता निघाले आहेत. आमच्या टेबलाजवळून जाताना आजी थांबतात, काचेतल्या चंद्राकडे बघतात, मग आईच्या न हलवलेल्या ताटलीकडे. प्रश्नार्थक हात करतात. आई फोनकडे बोट दाखवते, मग खाली जमिनीकडे, दूर शारजाच्या बाजूला. आजींना काय उमगतं कुणास ठाऊक, पण त्या आईच्या खांद्यावर हात ठेवतात आणि क्षणभर तसाच ठेवतात.

रिसोट्टो घट्ट होतो आहे. त्यावर साय धरल्यासारखी चकाकी आली आहे. नेपाळचा मुलगा येऊन विचारतो, "गरम करके लाऊँ?" आई म्हणते, "थोडा रुको, बेटा. बहू नीचे उतरी है." तो मान हलवून ताटली घेऊन जातो आणि जाताना दादाचीही उचलतो, माझीही.

चंद्राचा गूळ आता फिका होत चालला आहे, तो पितळेवर आला आहे. खाली कारंजं पुन्हा सुरू होऊन संपलं. बोगद्यातून निघावीत तशी विमानं विमानतळाकडे एकामागे एक उतरताहेत. आई हातातली चिठ्ठी घडी घालते, उलगडते, पुन्हा घडी घालते.

नऊ पस्तीसला मोबाइल वाजतो. फोन नाही, फोटो आहे. भाच्याने काढलाय, परीक्षेचा अभ्यास टाकून तोही वहिनीबरोबर खाली उतरला असणार. दोन इमारतींमधली अरुंद फट, विजेच्या खांबावरचा पिवळा दिवा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, हललेल्या हाताने टिपलेला, जरा फरफटलेला चंद्र. खाली वहिनीचा मेसेज: 'दिसला. मोदक दाखवते आता देवाला.'

आई फोटो हाताच्या अंतरावर धरून बघते, मग काचेतल्या चंद्राकडे, मग परत फोटोकडे.

"तोच आहे," ती म्हणते, आणि मागे वळून मुलाला हाक मारते, "बेटा, लाओ अब."